मोपा ते दाबोळी : अंतर किती, वेळ किती? (तयेच्या दिवशीचा अनुभव)

फोंडेकर

2025 साली चवथ 27 ऑगस्टला, बुधवारी आली. आदल्या दिवशी, तयेला (हरितालिकेला), घरची माणसं गोव्यातल्या दोन वेगळ्या विमानतळांवर उतरणार होती. ताई आणि भावजी पुण्याहून मोपाला, सकाळी 11.50 ला. धाकटा भाऊ, त्याची बायको आणि त्यांचा तीन वर्षांचा मुलगा बेंगळुरूहून दाबोळीला, दुपारी 2.40 ला. तिकिटं तीन महिने आधी काढली होती. दोघांनीही मला फक्त "गोवा" एवढंच सांगितलं आणि मीही पुढे विचारलं नाही. ताईचं विमान मोपाचं आहे हे आठवड्यापूर्वी कळलं.

घरात गाडी एकच आणि चालवणारा मी एकटाच. नकाशावर पाहिलं तर मोपा ते दाबोळी 60-65 किलोमीटर, दीड तास. ताईला 12.30 पर्यंत घेऊन निघायचं, दोनच्या सुमारास दाबोळीला पोचायचं, सगळे मिळून भावाची वाट बघायची आणि वेर्णा-बोरीमार्गे फोंड्याला चारच्या आत घरी. असा माझा हिशोब होता.

झालं ते असं. ताई 12.25 ला बाहेर आली. धारगळपर्यंतचा नवा जोडरस्ता इतका मोकळा की मी तिला म्हटलं, आपण लवकरच पोचू. कोलवाळचा पूल ओलांडला, करासवाड्याला पहिली रांग लागली. म्हापशात माटोळीचा (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचा) बाजार, नारळाच्या झावळ्या आणि सुपारीचे घोस लादलेल्या रिक्षा, सगळं हायवेपर्यंत आलेलं. तिथून गिरीपर्यंत रखडत. आणि पर्वरीत तर गाडी उभीच राहिली. उन्नत मार्गाचं काम, वळवलेली वाहतूक, वरून पाऊस. फक्त पर्वरी ओलांडायला 50 मिनिटं गेली. अटल सेतू, मेरशी, बांबोळी, आगशी, जुवारीचा पूल हे सगळं त्यामानाने सुरळीत झालं, पण वेळ हातातून गेली होती. दाबोळीला पोचलो 3.25 ला. बरोबर तीन तास.

भाऊ पावणेतीनपासून झोपेला आलेल्या मुलाला कडेवर घेऊन उभा होता. भावजींना मधुमेह आहे, त्यांचं जेवण राहिलं. ताईचे गुडघे गाडीत बसून आखडले. घरी बाबा माटोळी बांधायला आमची वाट बघत थांबलेले. ती शेवटी रात्री आठला बांधून झाली.

कुणाची तक्रार करायला हा धागा काढलेला नाही. पण गोव्यात आता दोन विमानतळ आहेत आणि घरोघरी हा प्रसंग येणार. बाहेरगावच्या नातेवाईकांना आपणच नीट सांगायला हवं. म्हणून विचारतो, तुम्ही या दोन टोकांमधला प्रवास कसा करता? किती वेळ धरता? फोंड्याकडून मोपाला जायला हायवे सोडून दुसरी वाट कोणी वापरतं का?

वास्कोचा_जुना

तुमच्या भाच्याला... नव्हे, पुतण्याला त्रास झाला याचं वाईट वाटलं. माझी नोकरी दाबोळीच्या परिसरात गेली, आता निवृत्त आहे. थोडं मागचं सांगतो, म्हणजे दोन विमानतळ का झाले आणि ते असे एकमेकांपासून दूर का, हे लक्षात येईल.

दाबोळीची धावपट्टी पोर्तुगीजांनी 1950 च्या दशकात बांधली. 1961 च्या डिसेंबरात आपल्या हवाई दलाने तिच्यावर बॉम्ब टाकले. मुक्तीनंतर ती नौदलाकडे गेली आणि आजही ते नौदलाचंच ठाणं आहे, आयएनएस हंसा. आपण प्रवासी तिथे पाहुणे. सोमवार ते शुक्रवार सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखलेले असतात, त्या वेळेत प्रवासी विमानांना जागा मिळत नाही. म्हणून दाबोळीची विमानं दुपारी, संध्याकाळी आणि रात्री दाटीने येतात. फोंडेकरांच्या भावाचं विमान मंगळवारी 2.40 ला होतं, ते या हिशोबात बसतं.

याच अडचणीतून मोपा आलं. केंद्राने 2000 साली तत्त्वतः मंजुरी दिली, 2016 ला पायाभरणी झाली. पर्यावरण परवान्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, 2019 ला परवाना स्थगित झाला, 2020 च्या जानेवारीत स्थगिती उठली. 11 डिसेंबर 2022 ला उद्घाटन आणि 5 जानेवारी 2023 ला पहिलं विमान, हैदराबादहून. नाव मनोहर पर्रीकरांचं. सुरुवातीला बोलणं असं होतं की मोपा झालं की दाबोळी प्रवाशांसाठी बंद होणार. दक्षिण गोव्यातून विरोध झाला, आणि 2010 च्या सुमारास दोन्ही चालू ठेवायचं ठरलं. आम्हा वास्कोकरांसाठी तो जीवनमरणाचा प्रश्न होता. आजही एखादी कंपनी आपलं विमान इथून मोपाला नेते तेव्हा आमच्याकडे हॉटेलवाला, टॅक्सीवाला, चहावाला सगळेच अस्वस्थ होतात. दोहाचं विमान 2024 च्या जूनमध्ये तिकडे गेलं त्या दिवशीची आमच्या नाक्यावरची चर्चा मला आठवते.

काणकोणची_माई

फोंडेकर, तुमचे तीन तास म्हणजे आमचा नेहमीचा प्रवास आहे. काणकोणहून मोपा शंभर किलोमीटरच्या वर जातं. मुलगी दिल्लीला शिकते. पूर्वी तिला दाबोळीला सोडायला सवा-दीड तास लागायचा. आता स्वस्त तिकीट बघायला गेलं की मोपाचं निघतं. पहाटेचं विमान असेल तर रात्री एकला उठायचं. टॅक्सी केली तर भाडं विमानाच्या तिकिटाच्या निम्म्याला जाऊन पोचतं, मग स्वस्त तिकीट कुठे राहिलं?

आमच्याकडची म्हातारी माणसं विमानाने जायची म्हटलं की आधी विचारतात, "खंयचें? दाबोळें मगो?" मी "होय" म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं. दोन विमानतळ असायला माझी हरकत नाही, पण दक्षिणेच्या माणसाने दाबोळी टिकवलंच पाहिजे. आपण तिथून तिकीट काढलं तरच ते टिकेल. मी 1000-1200 रुपये जास्त पडले तरी दाबोळीचंच काढते.

आकडेमोड

रस्त्याचं सगळ्यांनी सांगितलं, मी हवेतलं सांगतो. दोन्ही धावपट्ट्यांचे अक्षांश-रेखांश घेऊन हिशोब केला. दाबोळी साधारण 15.38 उत्तर, 73.83 पूर्व. मोपा 15.74 उत्तर, 73.86 पूर्व. रेखांश जवळजवळ सारखेच, म्हणजे मोपा हे दाबोळीच्या नाकासमोर उत्तरेला आहे. सरळ अंतर निघतं 40 किलोमीटर. रस्ता त्याच्या दीडपट, कारण आपल्याला जुवारी, मांडवी आणि शापोरा अशा तीन नद्या जिथे पूल आहेत तिथेच ओलांडाव्या लागतात.

तोच हिशोब पुढे नेला तर मोपापासून सिंधुदुर्गचा चिपी विमानतळ सरळ रेषेत 45 किलोमीटरच्या आसपास येतो. दाबोळी, मोपा, चिपी. केंद्राच्या 2008 च्या धोरणात असं आहे की जुन्या विमानतळापासून 150 किलोमीटरच्या आत नवा काढायचा असेल तर जुन्यावर काय परिणाम होईल ते तपासायचं. इथे त्या मर्यादेत दोन नव्हे, तीन आहेत.

सावंतवाडीकर

वरच्यांनी चिपीचा विषय काढलाच आहे तर आमच्याकडचं लिहितो. 9 ऑक्टोबर 2021 ला चिपी सुरू झाला तेव्हा परुळ्यात जत्रेसारखी गर्दी होती. आमच्या आत्याने आयुष्यात पहिल्यांदा विमान जवळून बघितलं. पण तिथल्या विमानांचा भरवसा अजून पुरता बसलेला नाही. आज असतं ते पुढच्या महिन्यात असेलच असं नाही. त्यामुळे आम्ही बांदा-पत्रादेवीवरून मोपा गाठतो. सावंतवाडीतून निघालो की पाऊण तासात विमानतळ. मुंबईला नोकरी करणारी आमची मुलं पूर्वी रात्रभर बसने यायची, कशेडी घाटात उलट्या करत. आता शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघून रात्री घरी जेवायला असतात. काणकोणच्या ताईंना जो अर्धा दिवस लागतो तो आमचा वाचतो, याची मला जाणीव आहे. पण आमच्या तळकोकणाने या सोयीची फार वर्षं वाट बघितली.

मोपाहूनच चालणाऱ्या फ्लाय नाइंटी-वनच्या छोट्या विमानांमुळे आता जळगाव, सोलापूर असली गावंसुद्धा जवळ आली. तीही मोपालाच उतरतात. सोलापूरची माणसं देवदर्शनाला मंगेशी-शांतादुर्गेला येतात आणि "गोव्यात उतरलो, आता मडगाव जवळच असेल" असं समजतात. त्यांना सांगायला हवं.

पायलटाचा_पोर

नावावरून गैरसमज नको. बाबा पणजीत मोटरसायकल पायलट, म्हणजे दुचाकी टॅक्सी चालवणारे होते, मी टॅक्सी चालवतो. 14 वर्षं झाली. दोन्ही विमानतळांची भाडी करतो. दाबोळी-मोपा या एकाच फेरीचा माझा अनुभव वेळेप्रमाणे लिहितो, कारण किलोमीटर विचारण्यात काही अर्थ नाही.

पहाटे तीन ते साडेपाच : सव्वा तास. हीच खरी वेळ. नकाशा जे दाखवतो ते या वेळेला खरं असतं.

सकाळी साडेआठ ते साडेदहा : दोन तास, कधी जास्त. पणजीकडे जाणारे सरकारी नोकर, शाळा, सगळं मेरशी आणि पर्वरीला एकत्र येतं.

दुपारी : दीड-पावणेदोन तास. पाऊस असेल तर वीस मिनिटं वाढवा.

संध्याकाळी पाच ते आठ : दोन ते अडीच तास. शनिवार-रविवारी कळंगुट-बागेहून परतणारी गर्दी गिरीला मिळते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात या वेळेचं भाडं मी शक्यतो घेत नाही. घेतलंच तर गिऱ्हाइकाला आधी सांगतो की चार तास हातात ठेवा.

चवथीचा आदला दिवस या कुठल्याच हिशोबात बसत नाही. माटोळीचा बाजार म्हापशाला, डिचोलीला, फोंड्याला, मडगावला, सगळीकडे एकाच दिवशी. फोंडेकर, तुम्ही तीन तासांत पोचलात ते बरंच म्हणायचं.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. जुवारीचा नवा पूल झाला नसता तर मोपा ते दाबोळी हा प्रवास शक्यच नव्हता. 2022 च्या डिसेंबरअखेर त्याची एक बाजू खुली झाली, दुसरी त्यानंतर वर्षाने. त्याआधी कुठ्ठाळी-आगशीच्या मधे दीड-दोन तास उभं राहिलोय मी. विमान चुकलेल्या बायकांना रडताना बघितलंय. आता तो पूल चार-पाच मिनिटांत मागे पडतो. तसंच धारगळचा जोडरस्ता 2024 ला झाला. त्याआधी नागझर-वारखंडच्या गावातल्या वाटेने मोपाला जायचो. समोरून टिप्पर आला की एकाने मागे घ्यायचं. म्हणजे दोन्ही टोकं सुधारली, अडचण उरली ती मधल्या पर्वरीत. तिथला उन्नत मार्ग पुरा झाला की माझे वरचे आकडे बदलतील.

फोंडेकर

पायलटबाब, इतकं नेमकं कुठे वाचायला मिळालं नव्हतं. तुमचे आकडे मी वहीत उतरवून भावाला आणि ताईला पाठवले.

माई, तुम्ही पैशांचं म्हणालात ते पटलं. आमच्या ताईने मोपाचं तिकीट 1400 रुपये वाचतात म्हणून काढलं होतं. पुण्याला बसून तिला दोन्हीतला फरक कसा कळणार? तिच्या लेखी गोवा म्हणजे आमचं घर.

माशेलची_सून

फोंडेकरांनी दुसरी वाट विचारली होती. आहे. आम्ही माशेलचे, मोपाला जायला पणजीत पाय ठेवत नाही. फोंड्याहून बाणस्तारीकडे न वळता माशेलला या, खांडोळ्याहून आमोण्याचा पूल ओलांडा, डिचोलीला जा, तिथून अस्नोडा आणि मग कोलवाळच्या जरा अलीकडे हायवेला लागा. मांडवीची गर्दी टळते, पर्वरी टळते. रस्ता अरुंद आहे, वळणं आहेत, खनिजाचे ट्रक चालू असतील तर धूळ आणि रांग दोन्ही. रात्री काही ठिकाणी दिवे नाहीत आणि गुरं रस्त्यात बसलेली असतात, म्हणून एकट्या बाईमाणसाने रात्री या वाटेने जाऊ नये असं मी म्हणेन. पण दिवसा मला हीच वाट आवडते. पावसात आमोण्याच्या पुलावरून नदी बघताना घाई विसरायला होते.

तुमच्या त्या दिवशी मी असते तर काय केलं असतं सांगते. ताईला मोपाहून घेऊन याच वाटेने आधी घरी फोंड्याला सोडलं असतं. भावाला सांगितलं असतं, दाबोळीहून प्रीपेड टॅक्सी करून ये. फोंडा या दोघांच्या वाटेवर येत नाही, पूर्वेला बाजूला पडतं. दोन विमानतळ एका गाडीने जोडायला गेलात आणि घराला वळसा पडला.

फोंडेकर

खरं आहे. हे मला सुचलंच नाही. भाऊ घरी येतोय, त्याला टॅक्सीने यायला सांगायचं कसं, ही भीड होती. तो स्वतः नंतर म्हणाला, "दादा, फोन केला असतास तर मी तासाभरात घरी असतो."

बसवाला_प्रवासी

गाडी नसणाऱ्यांसाठी लिहितो. मोपाहून कदंबच्या (गोव्याच्या सरकारी बससेवेच्या) विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित बसेस आहेत. म्हापसा, पणजी, मडगाव आणि किनाऱ्याकडे कळंगुट-सिकेरीला जातात. बस आरामाची आहे, सामानाला जागा आहे, टॅक्सीच्या मानाने पैसे फार कमी. मला दोनदा मोपाहून वास्कोला जायचं होतं. पणजीच्या कदंब स्टँडवर उतरलो, तिथून वास्कोची शटल घेतली आणि चिखलीला उतरलो. सगळं मिळून पावणेतीन तास लागले. दाबोळीचं विमान पकडायचं असेल तर असा जोडप्रवास करू नका, घरी जायचं असेल तर उत्तम आहे.

रेल्वेचा विचार माझ्याही मनात आला होता. पेडणे स्टेशन मोपाच्या तालुक्यातच, आणि दाबोळीला तर विमानतळाच्या नावाचंच स्टेशन. पण एक कोकण रेल्वेच्या मार्गावर आणि दुसरं वास्को-लोंढा मार्गावर, मधे मडगावला गाडी बदला. दोन्ही टोकांना स्टेशन ते टर्मिनल रिक्षा-टॅक्सी पुन्हा वेगळी. पावसाळ्यात तर नकोच. 2024 च्या जुलैत पेडण्याच्या बोगद्यात पाणी येऊन गाड्या बंद पडल्या होत्या, त्यात माझा चुलतभाऊ अडकला होता.

डबल_तिकीट

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते लिहिते. तिकिटावर तीन अक्षरं बघा. दाबोळीची जीओआय, मोपाची जीओएक्स. शेवटच्या एका अक्षराचा फरक.

माझं दाबोळीचं तिकीट होतं. प्रवासाच्या दहा दिवस आधी कंपनीने वेळ बदलल्याचा संदेश पाठवला. मी फक्त वेळ वाचली, पंचवीस मिनिटं पुढे गेली होती. त्याच संदेशात विमानतळही बदलला होता, तो मी वाचला नाही. सकाळी दाबोळीच्या दारात उभ्या असलेल्या जवानाने माझं तिकीट बघितलं आणि हळूच म्हणाला, "मॅडम, ये मोपा का है।" हातात एक तास चाळीस मिनिटं होती. निघाले, पर्वरीतच कळलं की होणार नाही. आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुंबईला जायचं होतं. ऑपरेशन माझ्याशिवाय झालं. आई काही बोलली नाही, पण शुद्धीवर येताना तिने माझं नाव घेतलं होतं असं बहिणीने सांगितलं. ते अजून मनातून जात नाही.

म्हणून हात जोडून सांगते, संदेश शेवटपर्यंत वाचा. निघायच्या आदल्या रात्री पुन्हा बघा. घरातल्या वडीलधाऱ्यांचं तिकीट तुम्ही स्वतः बघा.

वास्कोचा_जुना

डबल_तिकीट, वाचून गलबलून आलं. दारावर परत फिरवलेली अशी माणसं मी पाहिली आहेत. आमच्याकडचे काही टॅक्सीवाले गाडीत बसल्याबरोबर आता पहिला प्रश्न हाच विचारतात, "दाबोळी की मोपा?" वास्कोहून निघालेला माणूससुद्धा चुकतो, परगावच्याला तर विचारायलाच नको.

पायलटाचा_पोर

मीही विचारतो. आणि एका विमानातून उतरून दुसऱ्या विमानतळावरून पुढचं विमान पकडायचं असेल तर माझा सरळ सल्ला, मधे सहा तास ठेवा. सामान यायला अर्धा-पाऊण तास, रस्त्याला अडीच, आणि विमान सुटण्याआधी दोन तास तिथे असायला हवं. पाच तास इथेच संपले. वेगवेगळी तिकिटं असतील तर पहिलं विमान उशिरा आल्यावर दुसरी कंपनी थांबत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. एवढा वेळ मिळत नसेल तर एक रात्र पणजीत राहा, ते परवडतं.

पेडणेकरीण

उशिरा लिहितेय. सगळे मोपाकडे येणाऱ्या वाटेबद्दल बोललात, मी तिथे राहणारी. आमच्या काजूच्या बागेतला एक तुकडा गेला. सड्यावर पूर्वी पावसाळ्यात पांढरी-पिवळी फुलं यायची, गुरं चरायला न्यायचो. त्याच जागेवर साडेतीन किलोमीटरची धावपट्टी आहे. भाची आता तिथे कामाला आहे, घरी पगार येतो, हेही खरं. मला दुःख आणि आनंद दोन्ही आहे. कुणी "मोपा लांब आहे" म्हटलं की मला वाटतं, आम्हाला इतकी वर्षं पणजीचं हॉस्पिटल, कोर्ट, कॉलेज असंच लांब होतं. जोडरस्ता झाल्यावर सासूबाईंना बांबोळीच्या हॉस्पिटलात नेताना पहिल्यांदा वाटलं की आपण पोचू.

फोंडेकर, पुढच्या वेळी ताईंचं विमान लवकर आलं आणि तुम्ही वाटेत अडकलात तर कळवा. आमचं घर विमानतळापासून दहा मिनिटांवर आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला पाय पसरून बसायला जागा आहे, आणि भावजींना वेळेवर जेवण मिळेल.

फोंडेकर

पेडणेकरीणताई, तुमचं वाचून ताईला फोन करून ऐकवलं. ती म्हणाली, त्यांना नमस्कार सांग.

माशेलच्या वाटेने परवा रविवारी जाऊन आलो, गाडीत बाबांना घेऊन. आमोणे पूल, डिचोली, अस्नोडा. फोंड्याहून मोपाच्या टर्मिनलपर्यंत एक तास वीस मिनिटं, एकदाही पहिल्या गिअरवर थांबावं लागलं नाही. अस्नोड्याच्या पुढे रस्ता खोदलेला आहे, तेवढं सांभाळा.

भावाने जानेवारीचं तिकीट काढलं, म्हाळसेच्या जत्रेसाठी. पाठवण्याआधी त्याने फोन करून तीन अक्षरं वाचून दाखवली. जीओआय, दुपारी 3.10. मी त्याला सांगितलं, टॅक्सी करून ये, जेवण तयार ठेवतो.